मोटारसायकलच्या कोनसेटच्या कामासाठी घरी गाडी उचलायची लिफ्ट घ्यावी का? माझा अनुभव

परभणीजवळच्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ब्रेक दाबताच माझ्या मोटारसायकलच्या हँडलखालून ‘कट्’ असा आवाज येत असे. कोनसेट, म्हणजे हँडल ज्या गोळ्या-वाट्यांच्या बेअरिंगवर वळते ते, सैल झाले होते. चाक जमिनीवर ठेवून नट आवळला, इंजिनखाली विटा रचल्या, तरी दोष कायम राहिल्याने फार मनस्ताप झाला.

अखेर कैची लिफ्टने, म्हणजे कैचीसारख्या दुमडणाऱ्या पायांच्या जॅकने, काम झाले. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचे चाक पट्ट्याने बांधावे. लिफ्टवर लाकडी फळी ठेवून ती चेसिसच्या खालच्या नळ्यांनाच टेकवावी आणि पुढचे चाक २ इंच अधांतरी होईपर्यंत उचलावे. मग वरचा नट व वरच्या प्लेटचे बोल्ट सैल करून, फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) खालची टोके पुढेमागे हलवत, खुळखुळ थांबेपर्यंतच वरच्या नटाखालची कोनसेटची रिंग आवळावी. हँडल सोडताच ते दोन्ही बाजूंना आपोआप वळले पाहिजे. वरचा नट आवळल्यावर रिंगवरचा दाब वाढतो, म्हणून ही तपासणी पुन्हा करून बोल्ट शेवटी आवळावेत. हँडल मधोमध अडकत असेल, तर मात्र गोळ्या व वाट्या बदलाव्या लागतात.

चेनच्या कामाला मधला स्टँड पुरतो. लिफ्ट घ्यावी ती पुढचे चाक, फोर्क आणि कोनसेट यांसाठी.