गोव्यात घर बघायला मे आणि जुलैत या

डिसेंबरात येऊन घर पक्कं करू नका, डिसेंबरात गोव्यातलं पडकं घरही छान दिसतं. मे महिन्यात या, विहिरीत डोकावून बघा, शेजारच्या काकींना विचारा टँकर मागवावा लागतो का नि नळाला पाणी कधी येतं. मग जुलैत परत या, भिंतीला ओल किती चढलीय, कपाटात बुरशी धरलीय का, वारा सुटला की लाईट किती वेळ जाते, सगळं तेव्हाच कळतं. नाहीतर सरळ ११ महिने भाड्याने राहा, त्यात पूर्ण पावसाळा येईल असं बघा.

जागा कुठली? किनाऱ्यावरच्या कळंगूट-हणजुणेचा नाद सोडा असं माझं स्पष्ट मत. डिचोली, फोंडा, वाळपई बघा, मराठी पेपर मिळतो, देवळात भजन असतं, जत्रेला नाटक असतं. वाळपईच्या बाजूला, सत्तरी तालुक्यात, मात्र पाऊस जास्त, आणि घरात म्हातारी माणसं असतील तर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी हॉस्पिटल) किती लांब ते आधी मोजा. शेवटची बस किती वाजता, तेही. पोदेर, म्हणजे पाववाला, दारावर येतो का आणि दूध-भाजी चालत जाऊन आणता येते का, एवढं जमलं तर गाडीवाचून बरंच भागतं.

सामान कमी ठेवा म्हणून कुणी सांगायची गरज नाही, पाऊसच सांगतो, चामड्याची बॅग नि प्लायवूडचं फर्निचर एका पावसाळ्यात कामातून जातं. खरेदीची सवय लावायची तर इथलं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठी आधीच साठा करणं, शिका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणून मे मध्येच सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिरच्या, सोलं (आमसुलं), उकडे तांदूळ भरून ठेवायचे (म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बेस्ट). काय किती भरलं ते लिहून ठेवा, सप्टेंबरात जे उरेल ते पुढच्या वर्षी कमी घ्या.

जुनं कौलारू घर विकत घ्यायचं मनात असेल तर जरा थांबा, दरवर्षी कौलं परतायचा खर्च धरा आणि आधी एक-चौदाचा उतारा (आपल्या सातबाऱ्यासारखा) काढा, त्यावर किती नावं आहेत बघा. इथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, वारसांत बहिणी येतात, बहुतेक वेळा भावा-बहिणींच्या नवरा-बायकांच्याही सह्या लागतात, त्यातला एखादा लिस्बनला नाहीतर लंडनला असतो. वकील इथलाच धरा, आणि सगळे वारस मोजून होईपर्यंत टोकन देऊ नका.