हिरवा लेझर घेतलाय? वापरण्याआधी एवढं तपासा

हिरवा लेझर चांगला की वाईट, हे त्याच्या झगझगाटावरून ठरवू नका. लेबलावरून तर मुळीच नको. मी आकाशदर्शनात लोकांना तारे दाखवायला हातातला हिरवा लेझर वापरते. नवा कोणी आपला लेझर घेऊन आला की पहिल्यांदा पॉवर किती ते सांगतो. मला मात्र जाणून घ्यायचं असतं की हिरव्याशिवाय त्यातून आणखी काय बाहेर पडतंय.

हे समजायला आत काय चालतं ते थोडं माहीत हवं. बाजारात दोन जाती मिळतात. जुनी जात ५३२ नॅनोमीटरची (हा आकडा प्रकाशाच्या तरंगलांबीचा, तिच्यावरून रंग ठरतो). हिच्यात हिरवा प्रकाश थेट तयार होतच नाही. आतला डायोड, म्हणजे विजेवर प्रकाश देणारा छोटा भाग, ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश देतो. तो निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनडेटच्या इवल्याशा स्फटिकात शिरतो आणि तिथून १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे तोही अवरक्तच, प्रकाश निघतो. मग केटीपी नावाच्या पदार्थाचा दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी बरोबर निम्मी करतो, तेव्हा कुठे ५३२ चा हिरवा मिळतो. उरलेला अवरक्त अडवायला तोंडाशी एक छोटी फिल्टरची काच लागते. स्वस्तात माल काढायचा म्हटलं की हीच काच गाळता येते, कारण तिच्यावाचून लेझर तसाच हिरवा दिसतो आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या मापन संस्थेच्या संशोधकांनी असाच एक पॉइंटर, म्हणजे हातातला लेझर, मोजला. तो १० मिलिवॉटचा म्हणून विकलेला होता. हिरवा उजेड मंद होता, पण अवरक्त मात्र जवळजवळ २० मिलिवॉट! प्रखर हिरवा डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते. न दिसणाऱ्या प्रकाशाला ती मिटत नाही, आणि दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत. म्हणून झगझगीत लेझरपेक्षा मंद पडलेल्या ५३२ ची मला जास्त धास्ती वाटते.

दुसरी जात ५१५ ते ५२० नॅनोमीटरची. हिच्यात डायोडच थेट हिरवा प्रकाश देतो, त्यामुळे ही अवरक्ताची भानगड नाही. बटण दाबताक्षणी पूर्ण उजेड येतो आणि थंडीत तो रुसत नाही. उणं एवढंच की किरण लवकर फाकतो आणि ठिपका गोल न पडता बरेचदा आडवा, पट्टीसारखा पडतो.

आता मुख्य तपासणी. तिला एक जुनी सीडी, मोठा पांढरा पुठ्ठा आणि मोजपट्टी पुरते. पण लेझर खरोखर ५ मिलिवॉटच्या आसपासचा असेल तरच हे घरी करा, कारण सीडी आरशासारखी किरण परत फेकते. लेझर हातात धरू नका, चिमट्यात घट्ट बसवा. पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडा आणि मागून किरण त्यातून समोरच्या सीडीवर सरळ पडू द्या. पुठ्ठा आणि सीडी यांत अंतर ५० सेंटिमीटर. किरण सीडीच्या मधल्या भोकाच्या डाव्या किंवा उजव्या अंगाला पाडला की पुठ्ठ्यावर ठिपक्यांची आडवी रांग उमटते. मधला ठिपका भोकाला अगदी लागून आला म्हणजे सीडी सरळ आहे. त्या रांगेच्या पातळीत डोळे नेऊ नका, वरून बघा.

सीडीवरचे माग, म्हणजे बारीक गोल चरे, प्रकाशाला तरंगलांबीप्रमाणे वेगवेगळ्या कोनांत वळवतात. ते एकमेकांपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, त्यामुळे ठिपका कुठे पडणार हे आधीच सांगता येतं. ५३२ चा पहिला ठिपका मध्यापासून १७.६ सेंटिमीटरवर पडतो, ५२० चा १७.२ वर. एवढा फरक मोजताना चुकू शकतो, म्हणून दुसऱ्या ठिपक्याचं अंतर घ्या. ५३२ चा ४४.५ वर येतो, ५२० चा ४२.८ वर. दीड सेंटिमीटरहून जास्त तफावत, शंकेला जागा नाही. तुमच्या हातात कोणती जात आहे ते इथेच कळतं. लेबलावर ५३२ छापून आत ५२० चा डायोड असेल तर तेही उघड होतं.

आता अवरक्त शोधू. ८०८ चा ठिपका पहिल्या आणि दुसऱ्या हिरव्या ठिपक्याच्या मधे, साधारण २९ सेंटिमीटरवर पडतो. डोळ्याला तिथे कोरा पुठ्ठा दिसेल. फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात सहसा अवरक्त अडवणारा फिल्टर असतो, म्हणून तो इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. ज्या कॅमेऱ्यात रिमोटचा दिवा जांभळट लुकलुकताना दिसेल, तो कामाचा. अनेकदा सेल्फीचा कॅमेरा किंवा एखादा साधा वेबकॅम चालून जातो. तो कॅमेरा पुठ्ठ्याकडे करा, किरणाकडे कधीच नाही. २९ सेंटिमीटरवर जांभळट ठिपका दिसला तर लेझर परत करा. परत घेत नसतील तर सेल काढा आणि तो वापरणं थांबवा.

यात दोन खाचाखोचा आहेत. १०६४ ही ५३२ ची बरोबर दुप्पट, म्हणून तिचा ठिपका दुसऱ्या हिरव्या ठिपक्यावरच पडतो आणि त्याखाली लपतो. शिवाय तिथे कॅमेऱ्याचा सेन्सरही कमजोर असतो. तेव्हा जांभळा ठिपका दिसला तर लेझर नापास, पण नाही दिसला म्हणजे पास असं धरू नका. दुसरी गोष्ट, सीडीऐवजी डीव्हीडी घेऊ नका. तिचे माग ०.७४ मायक्रोमीटरवर असतात. किरण सरळ पाडला तर ८०८ आणि १०६४ यांचे ठिपके तिच्यावरून बाजूला निघतच नाहीत, आणि गळका लेझरही निर्दोष ठरतो.

पॉवरचं थोडक्यात सांगते. लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात: १ मिलिवॉटपर्यंत वर्ग २, ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी, त्यापुढे ४. त्याच एनआयएसटीने २०१३ मध्ये १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, त्यातले जवळजवळ ९० टक्के हिरवे नियमात बसत नव्हते. म्हणजे '५ मिलिवॉटच्या आत' हे लेबल वाचून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. पॉवर मोजणारा मीटर वापरणार असाल तर हे ध्यानात ठेवा की उष्णतेवर चालणारा मीटर अवरक्तही मोजतो. फिल्टर नसलेल्या लेझरचा आकडा त्यामुळे फुगतो आणि मालक खूश होतो. अवरक्त अडवणारी काच मधे ठेवून पुन्हा मोजल्याशिवाय तो आकडा खरा मानू नका.

तारे दाखवायला ५ मिलिवॉट भरपूर झाले, हे माझं ठाम मत. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरला सर्वांत तिखट, अंधाराला सरावल्यावर ५०७ च्या आसपास. ५३२ या दोहोंच्या मधे बसतो. तेवढ्याच पॉवरचा ६५० चा लाल लेझर त्याच्यापुढे सुमारे आठपट फिका दिसतो. पॉवर दुप्पट केली म्हणून उजेड डोळ्याला दुप्पट वाटत नाही, धोका मात्र दुप्पट होतो. जास्तीचे पैसे घालायचेच असतील तर फिल्टर आणि भिंग चांगलं असलेल्या लेझरवर घाला.

किरण किती फाकतो ते मोजायला भिंतीवर १० मीटरवरून आणि मग ३० मीटरवरून ठिपका पाडा. दोन्ही व्यासांतला फरक २० मिलिमीटर आला तर फाकणं मीटरमागे एक मिलिमीटर, म्हणजे एक मिलिरेडियन. हातातल्या लेझरला हे छान. ठिपका गोल आणि एकजीव हवा, भोवती कडी किंवा शेपूट नको. मग कागदावर ठिपका भराभर डावीउजवीकडे हलवा. अखंड रेघ दिसली तर किरण सलग आहे, तुटक दिसली तर लेझर लुकलुकत चालतोय.

५३२ चा लेझर तापमानाला फार नाजूक. गारठ्यात तो मंद पडतो किंवा सुरूच होत नाही, तेव्हा तो खिशात अंगाजवळ ठेवा. तापला तरी पॉवर वरखाली होते. मी थोडा वेळ दाखवते, बटण सोडते, बोलते, मग पुन्हा लावते. सेल टाकताना धन टोक कोणत्या बाजूला ते नीट बघा, बऱ्याच पॉइंटरमध्ये ते उलटं असतं. सीआर१२३ए या सेलच्या जागी १६३४० हा चार्ज होणारा सेल बसतो, पण पहिला ३ व्होल्टचा आणि दुसरा पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा. लेझरवर तसं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर हा बदल करू नका, डायोड जळेल.

५ मिलिवॉटच्या वर गेलात तर लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा हवाच, आणि तो तुमच्या तरंगलांबीचा हवा. चष्मा किती प्रकाश अडवतो ते त्याच्या ऑप्टिकल डेन्सिटीवरून कळतं; ती ४ म्हणजे दहा हजारांतला एकच भाग आत येतो. ५३२ साठी घेताना ८०८ आणि १०६४ लाही तो चालतो का ते वाचा. लेझरसोबत फुकट मिळणाऱ्या रंगीत चष्म्यावर कसलाही आकडा नसेल तर तो घालू नका.

मैदानात लोकांना आपल्या जवळ उभं करा. हवेत विखुरलेला किरण लेझरच्या शेजारून जितका ठळक दिसतो तितका लांबून दिसत नाही. कोणी कॅमेरा लावून फोटो घेत असेल तर आधी विचारा, एका रेघेने त्याचा बराच वेळ वाया जातो. आणि विमानाचा दिवा दिसला की बटण सोडा. एक मिलिरेडियनचा किरण ३ किलोमीटरवर ३ मीटर रुंद होतो, म्हणजे कॉकपिटची काच त्याने भरून जाते आणि वैमानिकाला काही क्षण काही दिसत नाही. विमान दुसऱ्या बाजूला असलं तरी मी ते जाईपर्यंत थांबते, आणि घरी आले की सेल काढून वेगळ्या डबीत ठेवते, म्हणजे लेझर एखाद्या मुलाच्या हाती लागला तरी सुरू होत नाही.