क्रूझच्या थांब्यात सान हुआनचे दोन किल्ले स्वतःच्या पायांनी कसे पाहावेत

जहाज सान हुआनच्या बंदरात शिरायला लागलं की डेकवर जाऊन डाव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहा. किल्लेदर्शन तिथूनच सुरू होतं. भूशिराच्या टोकावर, पाण्यापासून सुमारे 140 फूट उंच चढत गेलेला एल मोरो इतका जवळून सरकतो की तटातली तोफांची तोंडं एकेक करून मोजता येतात. बंदराचं तोंड अरुंद आहे आणि आत यायचं तर या तोफांसमोरूनच यावं लागतं. हे दृश्य नीट मनात साठवा. दोन-तीन तासांनी तुम्ही याच तटावर उभे राहून खालची खाडी पाहाल, तेव्हा किल्ला बांधणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते लगेच कळेल.

पोर्तो रिकोच्या या राजधानीचा जुना भाग धक्क्याला लागूनच आहे आणि एल मोरो व सान क्रिस्तोबाल हे दोन्ही मोठे किल्ले तिथून चालत गाठता येतात. जहाजावर विकली जाणारी सहल त्यासाठी घ्यायलाच हवी असं नाही. ती घेतली तर एक फायदा नक्की असतो. सहलीची बस अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आपण एकटे फिरत असू तर आपल्यासाठी थांबत नाही. एवढी जबाबदारी घ्यायची तयारी असेल तर पुढे वाचा.

पहिली पायरी : कागद आणि पैसे

पोर्तो रिको अमेरिकेच्या अखत्यारीत आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला अमेरिकेचाच व्हिसा लागतो. चलनही डॉलर. दोन्ही किल्ले अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत. माणशी 10 डॉलरचं एकच तिकीट दोन्हीकडे चालतं आणि ते 24 तास ग्राह्य असतं, म्हणून पहिल्या किल्ल्यावर मिळालेली पावती जपून ठेवा. 15 वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. क्रेडिट किंवा डेबिट कार्ड जवळ असू द्या. ड्रोन मात्र केबिनमध्येच राहू द्या, इथे तो उडवायला बंदी आहे.

दुसरी पायरी : कोणतं घड्याळ?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. पोर्तो रिकोचं घड्याळ वर्षभर एकच वेळ दाखवतं, उन्हाळा-हिवाळ्यात काटे पुढेमागे होत नाहीत. फ्लोरिडात ते होतात. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्हीकडची वेळ सारखी असते आणि हिवाळ्यात सान हुआन फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं. फ्लोरिडाहून निघालेलं जहाज आपली वेळ बदलेलच असं नाही, आणि खिशातला फोन मात्र किनारा दिसताच आपोआप बदलतो. उतरण्याआधी जहाजाच्या वेळेशी फोन ताडून पाहा. शक्य असेल तर मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेवरच ठेवा. परतायची वेळ जहाज ठरवतं, किल्ल्याचं दार स्थानिक वेळेने बंद होतं. दोन्ही वेळा एका कागदावर लिहून घ्या.

किल्ले सकाळी साडेनऊला उघडतात आणि दुपारी साडेचारला बंद होतात. निघण्याच्या आदल्या दिवशी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर वेळ पुन्हा पाहा, कारण वादळी हवामानात किल्ले बंद ठेवतात. सान हुआनला बरीच जहाजं दुपारी लागतात. सकाळचं जहाज असेल तर साडेचार तासांत दोन्ही किल्ले सावकाश होतात. दुपारचं असेल तर दोन्हीकडे धावू नका. सान क्रिस्तोबाल आतून पाहा आणि संध्याकाळी एल मोरोसमोरच्या माळावर जाऊन तो बाहेरून पाहा. बहुतेक लोक उलट करतात. मी सान क्रिस्तोबालच का निवडतो, ते पुढच्या इतिहासात येईलच.

तिसरी पायरी : निघण्याआधी दहा मिनिटांचा इतिहास

हे दोन किल्ले दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळं समजून पाहिले तर दुसरा पहिल्यासारखाच वाटतो आणि माणूस कंटाळतो. खरं तर पहिल्याची चूक दुसऱ्याने दुरुस्त केली आहे.

स्पॅनिश लोकांनी एल मोरोचं काम 1539 मध्ये सुरू केलं. शत्रू समुद्रातून येणार, म्हणून तोफा समुद्राकडे. 1595 मध्ये इंग्लंडचा फ्रान्सिस ड्रेक आला तेव्हा हा हिशेब बरोबर ठरला. किल्ल्यावरच्या तोफेचा गोळा थेट त्याच्या केबिनमध्ये घुसला. ड्रेक वाचला, पण बंदर काही त्याच्या हाती लागलं नाही.

तीनच वर्षांनी, 1598 मध्ये, कंबरलँडचा अर्ल जॉर्ज क्लिफर्ड आला. तो बंदराच्या तोंडाशी गेलाच नाही. पूर्वेला लांबवर माणसं उतरवली, जमिनीवरून चालत आला आणि एल मोरोला पाठीमागून गाठलं. किल्ला पडला. इंग्रजांनी शहर सुमारे दोन महिने ताब्यात ठेवलं आणि शेवटी सोडलं ते हगवणीच्या साथीमुळे. सैन्यच आजारी पडलं होतं. पुढे 1625 मध्ये बाउडेवाइन हेंड्रिक्सच्या डच आरमाराने एल मोरोसमोरून थेट बंदरात शिरून शहर घेतलं आणि पुन्हा जमिनीच्या बाजूने किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यातल्या लोकांनी शरणागती नाकारली, तेव्हा डचांनी शहर जाळलं आणि निघून गेले.

एवढं झाल्यावर 1634 मध्ये शहराच्या पूर्वेला, जमिनीच्या वाटेवर, सान क्रिस्तोबालची सुरुवात झाली. 1765 नंतर आलेहांद्रो ओरायली आणि अभियंता टोमास ओडेली या मूळच्या आयरिश, पण स्पेनच्या चाकरीतल्या दोघांनी त्याला आजचं प्रचंड रूप दिलं. स्पेनने अमेरिका खंडांत बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला. 1797 मध्ये राल्फ ॲबरक्रॉम्बी हजारो सैनिक घेऊन त्याच पूर्वेच्या बाजूने आला, पण शहरापर्यंत पोहोचू शकला नाही. जमिनीकडची वाट आता बंद झाली होती.

चौथी पायरी : धक्क्यावरून सान क्रिस्तोबालला

जहाज जुन्या शहराच्या धक्क्यावर लागलं असेल तर प्लाझा कोलोन या चौकाचा रस्ता धरा. कोलंबसचा पुतळा असलेला हा चौक सान क्रिस्तोबालच्या पायथ्याशीच आहे. तिथून चढ चढून कायय नोर्सागाराय या रस्त्यावर आलात की किल्ल्याचं दार. सगळं मिळून पाव तासाची चाल. काही जहाजं मात्र खाडीपलीकडच्या पॅन अमेरिकन धक्क्यावर लागतात. तिथून चालत निघू नका, टॅक्सी करा आणि सरळ सान क्रिस्तोबालच्या दाराशी उतरा. आपलं जहाज कोणत्या धक्क्यावर लागणार हे आदल्या रात्री जहाजावर विचारून ठेवा.

पायांत रबरी तळव्याचे बूट हवेत. जुन्या शहरातले रस्ते निळसर चिऱ्यांचे आहेत. हे चिरे लोखंडाच्या मळीपासून ओतलेले, आणि दोन शिंतोडे पडले तरी घसरतात. टोपी आणि माणशी किमान एक लिटर पाणी घ्या. किल्ल्यांत पोटभर खायची सोय नाही, न्याहारी जहाजावरच करून निघा.

पाचवी पायरी : सान क्रिस्तोबालमध्ये काय पाहायचं

आत शिरल्यावर पहिलं मोठं अंगण लागतं. त्याच्या पोटात पावसाच्या पाण्याची टाकी आहेत. गच्च्यांवर आणि अंगणात पडणारा पाऊस नळ्यांनी खाली उतरवायचा आणि साठवायचा. वेढ्यात पाण्यावाचून किल्ला टिकत नाही, म्हणून तोफांच्या आधी हे पाहावं.

मग सरळ सर्वांत वरच्या तोफांच्या पातळीवर जा आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून पूर्वेला तोंड करा. इथे थोडा वेळ उभे राहाच. खाली एकापुढे एक बांधलेले बुरुज, मधले कोरडे खंदक आणि बाहेरचे पडकोट दिसतात. बाहेरचं प्रत्येक बांधकाम आतल्यापेक्षा ठेंगणं आहे. शत्रूने एक पडकोट घेतला तरी त्याच्या मागचा वरचढ असतो आणि तिथून त्याच्यावर मारा होतो. पाय रोवायला जागा अशी मिळतच नाही. 1598 च्या पराभवातून काय शिकले ते इथे दगडात दिसतं, आणि वेळ कमी असेल तर हाच किल्ला पाहा म्हणतो ते यासाठीच.

भुयारं चुकवू नका. सैनिकांना तोफांच्या माऱ्याखाली न येता एका भागातून दुसऱ्या भागात जाता यावं म्हणून ती खोदली. काहींमध्ये सुरुंग पेरायची व्यवस्था होती, म्हणजे शत्रू वर येऊन उभा राहिला की जमीनच उडवायची. एका अंधारकोठडीच्या भिंतीवर कुणा कैद्याने काढलेली शिडाच्या जहाजांची चित्रं आहेत. दोर, शिडं, डोलकाठ्या इतक्या बारकाईने रेखल्या आहेत की काढणारा जहाजावर राबलेला असणार. मला दोन्ही किल्ल्यांत मिळून ही भिंत सर्वांत जवळची वाटते.

समुद्राकडच्या टोकाला, पार खाली, एक एकटी पहाऱ्याची छत्री, म्हणजे घुमटाची छोटी दगडी चौकी, दिसते. तिला सैतानाची छत्री म्हणतात. पहाऱ्यावरचे शिपाई तिथून नाहीसे होत, अशी दंतकथा आहे. लाटांचा आवाज ऐकत तिथे रात्र काढायची म्हणजे काय, ते दिवसाढवळ्या पाहूनही समजतं.

सव्वा तासात इथून बाहेर पडा.

सहावी पायरी : दोन किल्ल्यांमधली वाट

दारातून बाहेर आल्यावर नोर्सागाराय रस्त्यानेच पश्चिमेला चालत राहा. समुद्र उजव्या हाताला असला म्हणजे वाट बरोबर आहे. अंतर साधारण दीड किलोमीटर, वेळ वीस-पंचवीस मिनिटं. तटाबाहेर, पाण्याच्या कडेला रंगीत घरांची वस्ती दिसते ती ला पेर्ला. रस्त्यावरून पाहा, पण लोकांच्या अंगणात कॅमेरे रोखू नका. पुढे समुद्राला लागून पांढऱ्या समाध्यांचं सांता मारिया माग्दालेना दे पाझिस हे स्मशान आहे आणि त्याच्या पलीकडे एल मोरो.

सातवी पायरी : एल मोरो

किल्ल्यासमोर मोठा उघडा माळ लागतो. इथे लोक पतंग उडवतात आणि तो फार आनंदाचा देखावा असतो. पण हा माळ शोभेसाठी मोकळा ठेवलेला नाही. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला लपायला झाड, भिंत काहीही मिळू नये आणि तो थेट माऱ्यात यावा, म्हणून. चालताना दहा मिनिटं डोक्यावर सावली नसते. पाणी आधीच पिऊन घ्या.

खंदकावरचा पूल ओलांडला की मुख्य अंगण. एल मोरोला सहा पातळ्या आहेत आणि त्या उताराने व जिन्यांनी खाली समुद्राकडे उतरतात. आधी वरची दीपगृहाची पातळी करा, मग खाली या. 1898 च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकी आरमाराने केलेल्या तोफमाऱ्यात आधीच्या दीपगृहाचं नुकसान झालं, आताचं 1908 चं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या काँक्रीटच्या टेहळणी चौक्याही इथेच दिसतात. जुन्या दगडांत त्या खटकतात, तरी त्या काढल्या नाहीत हे चांगलं केलं. 1961 पर्यंत इथे सैन्य होतंच.

खालच्या बाजूला 1539 चा मूळ बुरुज शोधा. नंतरच्या पिढ्यांनी तो पाडला नाही, त्याच्याभोवती जाड भिंती घालत गेले. तट काही ठिकाणी 18 फूट जाड आहे. दोन दगडी भिंती आणि मध्ये माती-वाळूची भर, म्हणजे गोळा आत रुततो, भिंत फुटत नाही. शेवटी समुद्रावरच्या तोफांच्या सज्जात या आणि खाडीच्या तोंडाकडे पाहा. सकाळी जिथून तुमचं जहाज आलं ती वाट समोर आहे.

गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या दोन पातळ्यांवरच थांबावं. जिने उभे आहेत आणि उतरलेलं सगळं पुन्हा चढायचं असतं. तटाच्या कडेवर बसायची परवानगी नाही, आणि वारा अंगावर घेतलात की कारण विचारावं लागणार नाही.

आठवी पायरी : परतीची वाट

आलेल्या वाटेने परतू नका. माळ ओलांडून दक्षिणेला शहरात उतरा आणि लाल रंगाचा सान हुआन दरवाजा गाठा. त्याच्या कमानीवर लॅटिनमध्ये ‘प्रभूच्या नावाने येणारा धन्य’ असा लेख आहे. गव्हर्नर, बिशप असे मोठे पाहुणे बोटीतून उतरून याच दरवाजाने शहरात येत.

दरवाजाबाहेर वाट दोन्हीकडे फुटते. उजवीकडची वाट तटाच्या पायथ्याशी, पाण्याच्या कडेने, एल मोरोच्या खाली जाते. तट खालून किती उंच आहे ते तिथेच कळतं. मात्र ती पुढे बंद होते, किल्ल्यात चढत नाही, गेलात तेवढंच परत यावं लागतं. जहाजाच्या शेवटच्या वेळेला दोन तास उरले असतील तरच उजवीकडे वळा. नाहीतर डावीकडे. तटाच्या सावलीतून ती वाट पासेओ दे ला प्रिन्सेसा या झाडांच्या रस्त्याला मिळते आणि तो रस्ता धक्क्यांपाशी संपतो.

एल मोरोच्या दारापासून धक्का पाऊण तास धरा. जहाजावर चढण्याची शेवटची वेळ ही सुटण्याच्या वेळेच्या आधीची असते, आणि तिच्याही एक तास आधी धक्क्यावर असा. शिडीपाशी जहाजाचं कार्ड दाखवावं लागतं, पिशवी पुन्हा तपासतात आणि तीन जहाजं एकदम लागली असतील तर रांग बाहेर रस्त्यापर्यंत येते.