नवीन बोट सांगितलेल्या स्पीडने पळत नाही? आधी आरपीएम बघा

कागदावर ताशी ४५ किलोमीटर आणि शिवसागरात (कोयना धरणाच्या जलाशयात) जातेय ३६ ने, असं झालं की काठावरचा प्रत्येकजण एकच सांगतो, इंजिन मोठं टाका. अजिबात टाकू नका.

स्पीड मोबाईलच्या जीपीएसवर मोजा, जाताना आणि येताना, सरासरी घ्या. झालं.

मग वजन. कंपनीची ट्रायल बहुतेक एक-दोन माणसं आणि थोड्या पेट्रोलवर झालेली असते, तुम्ही बामणोलीतनं वासोट्याला आठ पब्लिक आणि त्यांच्या सॅका भरून निघता, वर तळात साठलेलं पाणी कुणी उपसत नाही.

आता खरी गोम, जिथं मला लई घाम फुटलेला. भरलेल्या बोटीत फुल थ्रॉटल (म्हणजे पूर्ण रेस) देऊन आरपीएम, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, बघा आणि इंजिनच्या पुस्तकातल्या रेंजशी लावून बघा. समजा रेंज ५००० ते ६००० आहे आणि काटा ४६०० ला अडकतोय, तर आधी थ्रॉटलची केबल तपासा: इंजिन बंद, चावी काढलेली, झाकण उघडून दुसऱ्याला लिव्हर पूर्ण पुढं करायला लावा (गिअर अडला तर पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने जरा फिरवा) आणि थ्रॉटलचा आर्म स्टॉपरला टेकतोय का ते स्वतः डोळ्यांनी बघा. टेकत असेल तर पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा कागदावर जितके इंच पुढं जातो ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, म्हणजे इथं दोन-तीन इंच कमीचा पंखा लागेल. पिच वाढवला की स्पीड वाढतो असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, इंजिनला तो ओढता आला तरच वाढतो, नाहीतर इंजिन घुसमटत चालतं आणि लवकर बाद होतं. त्यात आपलं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, आणि दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के पॉवर जाते. कोकणात मस्त पळणारा पंखा तापोळ्यात जड पडतो तो यामुळंच.

उलटं झालं, आरपीएम भरपूर आणि बोट जागची हलेना, तर पंखा घसरतोय. पंख्याच्या मधल्या बुशवरनं बाहेरच्या भागापर्यंत मार्करने एक सरळ रेघ मारा, जोरात एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे इकडंतिकडं सरकलेले दिसले तर आतलं रबर सुटलंय. रेघ जागेवर असेल तर इंजिनची उंची बघा, पंख्यावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या लेव्हलला पाहिजे, फार वर असली की पंखा हवा ओढतो.

आणि हिशोब करून डीलरशी भांडायला जाऊ नका. १३ इंच पिच, २ चा गिअर रेशो (इंजिनच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक), ५५०० आरपीएम म्हणजे कागदावर ताशी ५४ किलोमीटर येतात, पण पाण्यात १० ते २० टक्के घसर धरायचीच, म्हणजे ४३ ते ४९. डीलरकडनं दोन पिचचे पंखे ट्रायलला मागून घ्या, आणि ट्रायल भरलेल्या बोटीतच घ्या.