तंबूचा तळ पाणी अडवतोय का, घरीच तपासा
लेबलवरचे १५०० मिमी म्हणजे कापड दीड मीटर उंच पाण्याचा दाब सोसतं. छताला एवढं पुरे. तळाचं गणित वेगळं. ६० किलोचा माणूस एका गुडघ्यावर टेकला आणि भार ४० चौरस सेंटीमीटरवर आला, तर दाब होतो १५,००० मिमी! मऊ जमिनीवर तो पसरतो, कातळावर नाही.

बाथरूमच्या फरशीवर ओलाचिंब टॉवेल, त्यावर तंबूचा तळ, वर कोरडा टिश्यू पेपर. गुडघा टेकून अर्धा मिनिट थांबा. शिवणीच्या रेघेतच ठिपके उमटले तर शिवण सील करा. सिलिकॉनचा थर असलेल्या नायलॉनला सिलिकॉनचाच सीलंट लागतो. पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा) त्यावर धरत नाही, पापुद्रे निघतात. सगळीकडे ओल आली, कापड चिकट लागलं, आंबूस वास आला, तर पीयूचा थर दमट हवेने खराब झालाय. मग वॉटरप्रूफिंग स्प्रेवर पैसे घालवू नका. त्याने थेंब घरंगळतात, दाब अडत नाही. तळाखाली जाड प्लॅस्टिक अंथरा, पण तंबूच्या कडेपासून चार बोटं आत. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावर साचून तुमच्याच खाली येतं.