फँटसी आणि सातआठशे-हजार वर्षांपूर्वीची पुस्तकं जोडीनं कशी वाचायची

फँटसी वाचणाऱ्या पोरापोरींना मी हल्ली एकच सांगतो, लीळाचरित्र नायतर कथासरित्सागर हातात घ्या, तुमच्याइतका तयार वाचक त्याला दुसरा मिळणार नाही. अनोळखी नावं, अनोळखी मुलूख, पहिली पन्नास पानं अर्धंच कळणं, हे सगळं तुम्ही आधीच पचवलेलं असतंय आणि जुन्या पुस्तकाला तेवढीच सवय लागते. आपल्याकडं ही पुस्तकं एकतर देवघरात नायतर एमएच्या सिलॅबसमध्ये, त्यामुळं गोष्ट म्हणून कुणी वाचतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. सध्या मी फँटसी आणि ही जुनी पुस्तकं जोडीनं वाचतोय, ते कसं जमवायचं ते सांगतो.

आधी जोडी नीट लावा. सुरुवातीला टॉल्किनचं 'द हॉबिट' आणि सोमदेवाचं कथासरित्सागर घ्या. हॉबिट 1937 चं, पण टॉल्किन ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवणारा माणूस, त्यामुळं त्याच्या बहुतेक बुटक्यांची नावं, गँडाल्फ या जादूगाराचं नाव सुद्धा, आइसलँडच्या 'व्होलुस्पा' या जुन्या कवितेतनं आलेलं आहे आणि ड्रॅगनच्या खजिन्यातनं पेला चोरायचा प्रसंग बेवुल्फ या जुन्या इंग्रजी काव्यात आधीच आहे. म्हणजे तुम्ही ज्याला मॉडर्न म्हणून वाचताय त्याच्या खाली मध्ययुगच आहे, मग आपल्या मध्ययुगाला घाबरायचं कशाला?

कथासरित्सागर अकराव्या शतकातलं, काश्मीरची राणी सूर्यवती हिच्यासाठी लिहिलेलं, 18 लंबक (म्हणजे भाग), 124 तरंग (म्हणजे प्रकरणं). पहिल्या पानापासून सुरू करू नका, गोष्टीत गोष्ट आणि तिच्यात अजून एक गोष्ट असं चालू होतं आणि माणूस वैतागतो. थेट बाराव्या लंबकातल्या वेताळाच्या गोष्टी काढा. मराठी अनुवाद चालेल, संस्कृत यायलाच पाहिजे असं काही नाही. आणि एक नियम पाळा, वेताळानं प्रश्न विचारला की पुस्तक मिटायचं. त्या धवल नावाच्या धोब्याची गोष्ट घ्या. नवरा आणि बायकोचा भाऊ दोघांनी देवीपुढं स्वतःची मुंडकी उडवलीत, देवी म्हणते लाव परत, आणि गडबडीत ती बाई नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर लावून बसते. आता नवरा कोण? राजाचं उत्तर लगेच पुढच्या ओळीत आहे (ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा), पण ते वाचायच्या आधी घरात विचारा, जेवताना विचारा, आमच्याकडं यावर भाकरी गार होईपर्यंत भांडण चाललं. ही गोष्ट मुळात ऐकवायला आणि वाद घालायलाच आहे, एकट्यानं भराभर वाचून संपवली तर हाती काही लागत नाही.

लीळाचरित्राला वेगळी रीत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी गेल्यावर, त्यांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, त्यामुळं एकेक लीळा छोटी आहे. दिवसाला एकच वाचा, पण मोठ्यानं. डोळ्यानं वाचलं की भाषा अडते, तोंडानं वाचलं की निम्मं आपोआप कळतं, बाकीच्याला शब्दार्थ असलेली प्रत बघून घ्या, सोलापूरच्या हिराचंद नेमचंद वाचनालयात नायतर तुमच्या जवळच्या वाचनालयात विचारा. पहिल्यांदा सशाची लीळा काढा. मागं शिकारी कुत्री लागलेला ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो, शिकारी म्हणतात आमचा ससा द्या, आणि स्वामी देत नाहीत, बोलून बोलून त्यांनाच वळवतात. जादू नाही, तलवार नाही, तरी मला त्यात कुठल्याही जाडजूड फँटसी सिरीजपेक्षा जास्त ताण वाटला.

उलटं पण करून बघा, म्हणजे जुनं वाचल्यावर परत फँटसीकडं जा. अर्सुला ले ग्विनचं 1968 चं अर्थसी घ्या, त्यात वस्तूचं खरं नाव कळलं की तिच्यावर ताबा मिळतो. नामस्मरणाच्या ओव्या ऐकत वाढलेल्या माणसाला ते फार लवकर उमगतं, निदान मला तरी तसं वाटलं.

आणि सोलापूरकरांनो, आपल्या सिद्धरामांना विसरू नका. बाराव्या शतकातले शरण (म्हणजे शिवभक्त संत), त्यांची वचनं कन्नडमध्ये, आणि राघवांक या कन्नड कवीनं त्यांचं चरित्र षट्पदीत (सहा ओळींच्या छंदात) लिहिलंय. कन्नड येत नसेल तर शेजारच्या काकूंना नायतर अज्जींना एखादं वचन म्हणायला लावा आणि अर्थ विचारा, सोलापुरात हे फुकटात मिळतंय. संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्याजवळ सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, अक्षता पडतात, ती गोष्ट आपण लहानपणापासून बघतोय पण वाचलेली किती जणांनी? डिसेंबरात वचनं वाचायला घ्या, रोज दोनतीन, म्हणजे जानेवारीत नंदीध्वज (यात्रेतल्या उंच काठ्या) निघतील तेव्हा कट्ट्यावर जे म्हटलं जातं त्यातलं बरंच कानाला ओळखीचं लागेल.