दुकानातला माल कचऱ्यात जाऊ नये म्हणून काय करायचं

किराणा असो, भाजीचं दुकान असो नाहीतर छोटं सुपरमार्केट, माल वाया जायला सुरुवात होते ती खरेदी करतानाच. स्कीम आहे, पेटीवर काहीतरी फ्री आहे म्हणून उचलायचं आणि मग ते रॅकवर बसून राहतं. म्हणून आधी एक वही घाला. किती आलं, किती खपलं, किती टाकलं, एवढंच लिहायचं आणि टाकलेल्या मालापुढं कारण, म्हणजे तारीख गेली, कीड लागली, भिजलं, सडलं. महिन्याभरात तुमचं तुम्हालाच दिसतं की कुठला माल दरवेळी जास्त मागवला जातोय.

मग रॅक बघा. नवा माल आला की पोरं तो सरळ पुढं लावतात, जुना मागं ढकलला जातो आणि थेट तारीख गेल्यावरच सापडतो. जुना पुढं ओढायचा, नवा मागं, आणि पेटीवर जाड मार्करनं तारीख. ब्रेड, दूध, दही यांचं हे रोज सकाळी व्हायलाच पाहिजे. कंपनी परत घेते की, म्हणून निर्धास्त राहू नका, तुमचे पैसे वाचले तरी त्यातलं पीठ, साखर, डिझेल गेलं ते गेलंच.

आपल्या बेळगावकडं खरा त्रास पावसाळ्याचा. खानापूर, जांबोटी बाजूला तर भिंतीसुद्धा ओल्या असतात, त्यामुळं पोती भिंतीला टेकवू नका, फळ्यांवर ठेवा आणि मागं वीतभर जागा सोडा. गणपतीला खपतो म्हणून रवा, बेसन जूनपासूनच भरून ठेवलं तर सणापर्यंत जाळी धरते, त्यापेक्षा थोडं थोडं मागवा. बुरशी आलेले शेंगदाणे मात्र निवडून विकायचे नाहीत आणि म्हशीलासुद्धा घालायचे नाहीत, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधातनं परत आपल्याच घरात येतं.

भाजीत कोथिंबीर, मेथीवर बदाबदा पाणी मारू नका, जुडीच्या आत पाणी साचलं की ती आतनंच सडते, ओलं गोणपाट पुरतं. पिकलेली केळी आणि टोमॅटो पालेभाजीपासून लांब ठेवा, त्यातनं इथिलीन वायू सुटतो आणि पाला पिवळा पडतो. बटाटा अंधारात, कांद्यापासून वेगळा.

तारीख जवळ आलेला माल काउंटरजवळ एका क्रेटमध्ये काढा आणि कमी भाव कन्नड-मराठी दोन्हीत लिहा, गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं आहे. भाजीचा भाव दुकान बंद करताना पाडून उपयोग नाही, लोक कामावरनं घरी परततात त्या वेळेला पाडा. पाकिटावर ‘बेस्ट बिफोर’ असेल तर ती चवीची, दर्जाची तारीख, पण ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ उलटली की विकायचं नाही, कुणाला दानही करायचं नाही. द्यायचंच असेल तर तारखेच्या आधी द्या, जवळच्या वसतिगृहाला, आश्रमाला आधी फोन करून.

हे सगळं कशाला, तर ओला कचरा शहराच्या गाडीतनं तुरमुरीच्या कचरा डेपोला जाऊन ढिगाखाली दबला की हवेशिवाय कुजतो आणि त्यातनं मिथेन निघतो, शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साईडच्या साधारण 28 पट तापवणारा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालात 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेल्याचं म्हटलंय, त्यातलं 12 टक्के दुकानांतनं. शिवाय एक किलो तांदूळ पिकवायला दोन हजार लिटरच्या वर पाणी लागतं, पोतं भिजून गेलं म्हणजे तेवढं पाणीही गेलं.

तरीही राहिलेला पाला, देठं, सडकी फळं प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. चांगला पाला गुरांना, बाकीचं खताला. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये ओल्याच्या दुप्पट वाळका पाला टाकत जा, अधनंमधनं हलवा, हवा मिळाली की वासही येत नाही. जागाच नसेल तर शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याशी बोलून वार ठरवा, भाजी घेऊन बाजाराला आलेली गाडी रिकामी परत जातेच, त्यातनं दोन क्रेट त्याच्या खतखड्ड्यावर आरामात जातात.